पाणीच दाराला कडी लावतं

माझं बालपण खारेपाटात गेलं, अलिबाग आणि पेणच्या मधल्या सखल पट्ट्यात. आपली जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे, हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. ते बांधावर उभं राहिलं की दिसायचं. उधाणाच्या दिवशी एका हाताला खाडी काठोकाठ भरलेली आणि दुसऱ्या हाताला, तिच्या पाण्याहून चांगली पुरुषभर खाली, भाताची खाचरं. मध्ये फक्त मातीचा बांध. त्या बांधात एका ठिकाणी दगडी मोरी आणि मोरीच्या खाडीकडच्या तोंडावर लाकडी झडप. तिला आम्ही उघाडी म्हणतो.

जुने कालवे, त्यांच्यावरचे पूल, होड्या वरखाली करणारे लॉक, या सगळ्यांच्या जतनाबद्दल जगभर बरंच काम झालं आहे. ते वाचताना मला दर वेळी ही उघाडी आठवते. लॉक कसं चालतं, दगडी कमान कशी उभी राहते, आणि अशा बांधकामांना कायद्याचं संरक्षण मिळतं म्हणजे नेमकं काय मिळतं, हे तिच्यापासून सुरुवात केली की चटकन कळतं.

उघाडी कशी चालते

मोरी म्हणजे बांधाच्या पोटातून आरपार गेलेला दगडी बोगदा. आतल्या शेतातलं पावसाचं पाणी तिच्यातून खाडीला जातं. पण जे भोक पाणी बाहेर सोडतं, तेच भोक भरतीला खारं पाणी आत घेईल. म्हणून खाडीकडच्या तोंडावर झडप टांगलेली असते. ती वरच्या बाजूने आडव्या आसावर लोंबते आणि फक्त बाहेरच्या दिशेने उघडते. ओहोटी लागून बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी झडपेला ढकलतं, ती उचलली जाते आणि पाणी खाडीत पडतं. भरती सुरू झाली की बाहेरचं पाणी तिला चौकटीवर दाबून धरतं. तिला दोर ओढून बंद करावं लागत नाही, माणूस हजर असावा लागत नाही. माझे आजोबा म्हणायचे, पाणीच दाराला कडी लावतं.

ही कडी किती घट्ट असते? मीटरभर रुंदीची झडप घ्या आणि तिच्याबाहेर दोन मीटर पाणी चढलंय, आत मोरी रिकामी आहे असं धरा. त्या फळ्यांवर सुमारे दोन टनांचा दाब येतो. भरती जितकी मोठी, तितकं दार घट्ट. दहा माणसं लावली तरी ते उघडणार नाही, आणि उघडायची गरजही नसते, कारण सहा तासांनी तीच खाडी उतरून ते मोकळं करते.

झडपेची लाकडं ऐनाची. गोव्यात याच झाडाला मत्ती म्हणतात आणि तिथल्या झडपाही त्याच लाकडाच्या. कारण उघड आहे: दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात बुडणं आणि दोनदा उन्हात सुकणं हे फार थोड्या लाकडांना सोसतं.

आता एवढ्या साध्या यंत्राला राखणदार कशाला लागायचा? लागतो, कारण उघाडीचा शत्रू पाणी नाही, कचरा आहे. ओहोटीला उघडलेल्या झडपेत एखादा ओंडका, कांदळाची फांदी, हल्ली प्लास्टिकची गोणी अडकली, आणि त्यावर भरती आली, की झडप चार बोटं उघडी राहते. एका रात्रीत शेत खारं होतं. मग मातीतलं मीठ पावसाने धुऊन जायला दोन-तीन पावसाळे जातात. म्हणून पावसाळ्यात ओहोटीच्या शेवटी कुणीतरी कंदील घेऊन मोरीच्या तोंडाशी जाऊन यायचं. वेळ काढायला घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची: अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती पूर्ण सहाच्या सुमारास. तिथून सहा तास मोजले की ओहोटी. आमच्या बाजूला अजूनही जुनी माणसं हा हिशोब तोंडी करतात आणि तो फारसा चुकत नाही.

आत शिरलेल्या पाण्याने किंवा उधाणाच्या लाटांनी बांध फुटला तर त्याला खांड जाणे म्हणतात. खांड गेली की गाव धावतं. पेंढा, चिखल, बांबू, जांभ्याचे चिरे, जे हाताला लागेल ते घेऊन पुढच्या भरतीच्या आत ती बुजवायची. हा पुढच्या भरतीचा मुद्दा लक्षात ठेवा, कायद्याकडे आलो की तो पुन्हा लागणार आहे.

मग लॉक म्हणजे काय

उघाडी पाणी अडवते, पण होडीला त्यातून जाता येत नाही. पाण्याच्या दोन वेगळ्या पातळ्यांमधून होडी न्यायची असेल तर एका दाराऐवजी दोन दारं लागतात आणि त्यांच्यामध्ये एक हौद. होडी खालच्या पाण्यातून हौदात येते, मागचं दार लागतं. वरच्या दारातली छोटी झडप उघडून हौदात पाणी सोडतात, होडी पाण्याबरोबर वर चढते. हौदातली पातळी वरच्या पाण्याइतकी झाली की पुढचं दार उघडतं. उतरताना हेच उलट. दोन्ही दारं एकाच वेळी कधी उघडायची नाहीत, एवढा एकच नियम. दोन दारांमध्ये पाणी कोंडणारं असं लॉक चीनमध्ये इ. स. ९८४ मध्ये, मोठ्या कालव्यावर, च्याओ वेइयुए या अधिकाऱ्याने बांधल्याची नोंद आहे.

युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या कालव्यांवर दारांचा एक नवा आकार रूढ झाला. त्याचं श्रेय लिओनार्दो दा विंचीला दिलं जातं. दाराची दोन पाखी पूर्ण सरळ रेषेत न मिळता वरच्या पाण्याच्या दिशेने टोक करून मिळतात, जोडलेल्या तळहातांची बोटं पुढे करावीत तशी. वरचं पाणी त्या टोकावर दाबतं आणि दोन्ही पाखी एकमेकांत रुतून घट्ट बसतात. पातळी दोन्हीकडे सारखी होईपर्यंत ती उघडूच शकत नाहीत. तीच आजोबांची कडी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. मिलानच्या सुतारांना आणि आमच्या खारेपाटातल्या सुतारांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं, पण पाणी दोघांशी सारखंच बोललं होतं.

कोकणात होड्यांसाठी कालवे खणले गेले नाहीत, कारण खाड्याच पुरेशा होत्या. दाभोळ, राजापूर, बाणकोट, सगळीकडे भरतीबरोबर गलबतं आत आणि ओहोटीबरोबर बाहेर. पण कोकण किनाऱ्यावर लॉक नाही असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. मुंबई बंदरातल्या इंदिरा गोदीला लॉक आहे. १९१४ साली सुरू झालेली ही गोदी तेव्हा अलेक्झांड्रा गोदी होती. बाहेर भरती असो की ओहोटी, आतलं पाणी खोल राहावं म्हणून तिच्या तोंडाशी सुमारे २३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद हौद बांधला. ताडाएवढी जहाजं त्यातून आत-बाहेर होतात. त्याच्याही दीडशेहून जास्त वर्षं आधी, १७५० साली, लवजी नसरवानजी वाडियांनी मुंबईत सुकी गोदी बांधली: भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं आणि जहाजाच्या बुडाखाली उभं राहून काम करायचं. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदीही याच कुळातली.

खुद्द मुंबई हीच एक मोठी खारबंदिस्ती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन आहे. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून समुद्र आत शिरायचा, आणि भरतीला अर्धं बेट पाण्याखाली जायचं. अठराव्या शतकात, विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, तिथे बांध घालून ती खांड बुजवली. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, शेवटी रामजी शिवजी प्रभू यांना दृष्टांत झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती वर काढल्या आणि मगच बांध टिकला, अशी महालक्ष्मीची कथा सांगतात. आमच्याकडेही बांधाला नारळ दिल्याशिवाय पावसाळा सुरू होत नाही. पाण्यासमोर हात टेकलेल्या माणसांची भाषा सगळीकडे एकच असते.

दगडी पुलाचं रहस्य

आता पूल. दगड दाबाला प्रचंड ताकदीचा आणि ताणाला अगदी कमकुवत. दगडाची लांब पट्टी दोन खांबांवर आडवी ठेवली आणि वरून गाडी नेली, तर तिच्या खालच्या बाजूला ताण येतो आणि ती मधोमध तडकते. कमान हा ताण येऊच देत नाही. पाचरीच्या आकाराचे दगड अर्धगोलात रचतात, वरून आलेलं वजन प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर ढकलतो आणि शेवटी ते दोन्ही बाजूंच्या पायांत उतरतं. जितकं वजन, तितके दगड एकमेकांत घट्ट. बांधताना खाली लाकडी सांगाडा लावतात आणि मधला शेवटचा दगड बसला की तो काढून घेतात. ज्या दिवशी सांगाडा काढतात त्या दिवशी कमान स्वतः उभी राहते. ती खरं तर कायम पडत असते, पण सगळे दगड एकाच वेळी पडू पाहतात म्हणून कुणालाच पडता येत नाही.

या दगडांमधला चुना लोकांना कमी दर्जाचं सिमेंट वाटतो. तो वेगळ्याच स्वभावाचा आहे. किनाऱ्यावर तो शिंपले भाजून करत, वाळूबरोबर घाण्यात मळत. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेत वर्षानुवर्षं कठीण होत जातो, पण सिमेंटइतका ताठर कधीच होत नाही. पुलाखाली जमीन किंचित बसली, उन्हाने दगड फुगले, तर चुना थोडा सरकून घेतो. बारीक चीर गेली तर ओलाव्याबरोबर विरघळलेला चुना तिच्यात पुन्हा साठतो. आणि तो श्वास घेतो: भिंतीत मुरलेलं पावसाचं पाणी सांध्यांतून बाहेर पडतं.

म्हणूनच जुन्या पुलाचे सांधे सिमेंटने भरणं हे सर्वांत मोठं नुकसान असतं, आणि ते नेहमी दुरुस्तीच्या नावाखाली होतं. सिमेंटने सांधा बंद झाला की पाणी दगडातून बाहेर यायला बघतं. जांभा असेल तर तो भुसभुशीत होऊन खिरतो. आमच्या गावाजवळच्या एका ओढ्यावरच्या जुन्या मोरीचे सांधे असेच करड्या सिमेंटने रेखून घेतले होते. पहिल्या वर्षी फोटोत छान दिसली. पाच पावसाळ्यांनंतर सिमेंटच्या रेषा जशाच्या तशा आणि मधले चिरे बोटभर आत गेलेले, जाळीत नुसतं भोक उरावं तसे. मी त्यात बोट घालून पाहिलं तर लाल पूड हाताला लागली.

दुसरा शत्रू पिंपळ. कठड्याच्या फटीत पडलेलं एक बी, त्याची मुळं चुन्याचा ओलावा शोधत आत शिरतात आणि पाचरीचे दगड सुटे करतात. रोप बोटभर असताना उपटायला एक मिनिट लागतं. दहा वर्षांनी ते काढायला अर्धा पूल उतरवावा लागतो.

पण पूल पडतात ते बहुधा वरून नाही, खालून. नदीच्या मधल्या खांबाला पाणी धडकतं, दोन्ही बाजूंनी वळसे घेतं आणि खांबाच्या पायाशी भोवरा होऊन वाळू उपसतं. जुन्या पुलांच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने नावेच्या नाळीसारखं टोक केलेलं असतं ते या भोवऱ्याचा जोर मोडायला. तरीही पुराच्या ऐन भरात पायाखाली खड्डा पडतो. यातली धोक्याची गोष्ट अशी की पूर ओसरताना तोच खड्डा सैल वाळूने भरून येतो. दुसऱ्या दिवशी पाहणारा म्हणतो, सगळं ठीक आहे. पायाखाली मात्र भरीव जमीन जाऊन नुसती वाळू उरलेली असते. खाडीत जवळपास सक्शन पंपाने वाळू उपसली जात असेल तर पात्राची पातळीच खाली जाते आणि पाया उघडा पडतो. म्हणून जुन्या पुलाची तपासणी म्हणजे पाण्याखाली उतरून पाया पाहणं. रस्त्यावर उभं राहून कठडा पाहण्याला तपासणी म्हणता येत नाही.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाडच काय, सगळं कोकण विसरलेलं नाही. मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर गाड्या, आतल्या माणसांसकट. त्या आठवड्यात आमच्या घरी कुणी महामार्गाने प्रवास केला नाही. तेव्हापासून जुना पूल म्हटलं की लोक म्हणतात, पाडा. मला त्यांची भीती समजते. माणसाच्या जिवापुढे कुठल्याच दगडाची किंमत नाही, आणि जो पूल तपासला जात नाही त्यावरून गाड्या जाऊ नयेत, हे मी आधीच सांगून टाकतो. २०१७ साली गोव्यात सावर्डे-कुडचडे इथला वापरासाठी बंद केलेला पोर्तुगीजकालीन पादचारी पूल लोकांच्या गर्दीखाली कोसळला. बंद करून सोडून देणं हाही उपाय नसतो.

पण वय म्हणजे कमजोरी असं समजू नये. पणजी ते रायबंदर हा पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये दलदलीतून, मिठागरांच्या कडेने बांधलेला जांभ्याचा तीन किलोमीटरहून लांब पूल, पोंत द लिन्यारिश, आजही वाहतूक पेलतो. त्याच मांडवी नदीवरचा विसाव्या शतकातला पहिला मोठा काँक्रीटचा पूल १९८६ साली, बांधून पुरती दोन दशकंही व्हायच्या आत कोसळला. एकाला साडेतीन शतकांहून जास्त काळ कुणीतरी बघत आलं आहे.

कायदा काय देतो

भारतात स्मारकांच्या रक्षणाचा मुख्य कायदा १९५८ चा. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाची वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर होऊ शकते. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा, त्याखाली राज्य संरक्षित स्मारकं येतात. तिसरी वाट नगररचनेची: मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली केली, तीत इमारतींना महत्त्वानुसार तीन दर्जे देतात आणि त्यांच्यात बदल करण्याआधी वारसा समितीचं मत घ्यावं लागतं.

या तिन्ही वाटा मुख्यतः स्थिर वास्तूंसाठी घडल्या आहेत. देऊळ, किल्ला, वाडा. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपल्या किनाऱ्यावरचे त्यात आहेत. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला. खांदेरी आमच्या बाजूचाच. पण समोरच्या खाडीत ज्या बांधांवर त्या किल्ल्यांच्या शिबंदीचा भात पिकला, त्यांचा उल्लेख कुठल्याच यादीत नाही.

तरीही उघाडीला संरक्षित स्मारक करा असं मी म्हणणार नाही. मगाशी सांगितलेली पुढची भरती आठवा. खांड गेली तर सहा तासांत ती बुजवायची असते. स्मारकाच्या दुरुस्तीला परवानगी लागते, आणि परवानगीचा कागद भरतीची वेळ बघत नाही. शिवाय उघाडी ही तशी जुनी नसतेच. झडप दर काही वर्षांनी बदलते, बांधावर दर उन्हाळ्यात नवी माती पडते. साकवाचंही तेच. सुपारीची आणि माडाची खोडं टाकून केलेला ओढ्यावरचा साकव दर वर्षी नव्याने घालतात, म्हणजे त्यातलं एकही लाकूड जुनं नसतं. पण त्याची जागा, त्याची बांधणी आणि ती बांधणी जमणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची असतात. जपायचं ते हेच आहे.

बाहेर हा प्रश्न कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या लॉकची दारं ओकच्या लाकडाची, आणि ती साधारण पंचवीस वर्षं टिकतात. म्हणजे दोनशे वर्षांच्या लॉकला आजवर सात-आठ वेळा नवी दारं बसली आहेत. कुणी म्हणत नाही की हा वारसा नाही. जुन्या मापाने, जुन्या पद्धतीच्या सांध्यांनी, त्यासाठीच ठेवलेल्या कारागिरांकडून दार बनतं, आणि बनवणं चालू राहिलं म्हणून बनवण्याची विद्याही टिकली. वेल्समधला पोंटकसल्टी जलसेतू १८०५ चा: दगडी खांबांवर बिडाचं लांब पन्हळ, जमिनीपासून ३८ मीटर उंचीवर, आणि त्यातून होड्या जातात. २००९ पासून तो जागतिक वारसा आहे. आणि काही वर्षांनी एकदा त्याच्या तळातलं बूच काढून पन्हळातलं सगळं पाणी खाली नदीत सोडतात आणि आतून तपासतात. त्याचा वापर थांबवून त्याला जपलेलं नाही, त्याचा वापर हेच त्याचं जतन आहे.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. केरळातलं कुट्टनाड, समुद्रसपाटीच्या खाली भात पिकवणारं. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने त्याला जागतिक महत्त्वाच्या शेती-वारशात घेतलं. तिथे कुठलाही एक बांध किंवा एक दार स्मारक ठरलेलं नाही, अख्खी पद्धत मान्य झाली. गोव्यातल्या खाजन जमिनी, म्हणजे आमच्या खारजमिनींच्या सख्ख्या बहिणी, २०११ च्या सागरी किनारा नियमांत नावानिशी आल्या: त्यांचे नकाशे करा आणि तिथे विकासकामं करू नका. गोव्यात उघाडीला मानस म्हणतात. मानशीच्या तोंडाशी मासे धरण्याचा हक्क लिलावात द्यायची आणि त्या पैशातून बांध राखायची तिथली जुनी रीत. राखणाऱ्याला मोबदला त्या दारातूनच मिळायचा.

आमच्याकडे हे काम शिलोत्री पद्धतीत बसलेलं होतं. बाहेरचा बांध शाबूत ठेवायची जबाबदारी शिलोत्रदाराची, आणि त्याबदल्यात कुळांकडून त्याला खंडावर, म्हणजे जमिनीच्या भाड्यावर, जादा भात मिळायचं. त्या पद्धतीत अन्याय होता, कुळांनी तो सोसला, आणि ती गेली ते बरंच झालं. १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला, आणि बांधांची जबाबदारी सरकारी योजनांकडे गेली. बाहेरच्या मोठ्या बांधाचा खर्च एका गावाला पेलणारा नाही, तिथे सरकारचा पैसा हवाच. पण या बदलात एक गोष्ट हरवली. बांध सरकारचा झाला आणि ओहोटीच्या शेवटी कंदील घेऊन जाणारा माणूस कुणाचाच राहिला नाही. आमच्या गावात एका योजनेत जुनी मोरी काढून काँक्रीटची केली, वर लोखंडी झडप बसवली. खाऱ्या हवेत ती लवकरच गंजून चौकटीला चिकटली. ती उघडायला आली नाही म्हणून पावसाळ्यात शेतात पाणी तुंबलं, आणि शेवटी कुणीतरी ती कापून काढली.

जुन्या उघाडीचा, मोरीचा, छोट्या पुलाचा कुठेही साधा नोंदवहीतला उल्लेख नसतो, हे मला सर्वांत जास्त खुपतं. ग्रामपंचायतीच्या दप्तरात विहिरी आहेत, रस्ते आहेत, पण कुठल्या बांधात किती मोऱ्या, कुणाच्या काळच्या, कुठल्या दगडाच्या, झडप कधी बदलली, हे नाही. जे नोंदलेलं नाही ते पाडताना कुणाला विचारावंही लागत नाही. यासाठी कायद्याची वाट बघावी लागत नाही. फोन, मोजपट्टी आणि एक वही पुरते.

गेल्या उन्हाळ्यात गावातली चार पोरं आणि मी ओहोटीला चिखलात उतरून उरलेल्या तिन्ही जुन्या उघाड्या मोजल्या. सर्वांत जुन्या उघाडीच्या मोरीत वाकून पाहिलं तर छताला पाचरीचे दगड होते, नीट कमान होती. इतकी वर्षं तिच्यावरून चालत होतो आणि कुणालाच माहीत नव्हतं. सांध्यांत शिंपल्यांचे पांढरे तुकडे अजून दिसत होते. झडपेच्या फळ्या खालून हातभर कुजल्या होत्या, वरचा आस मात्र ठणठणीत.

येत्या मार्गशीर्षात, भांगाच्या दिवसांत, भरती कमी चढते तेव्हा ही झडप उतरवायची ठरलं आहे. गावात आता एकच सुतार उरलाय ज्याने आपल्या वडिलांबरोबर उघाडीचं काम केलं होतं. तो येऊन माप घेऊन गेला. फळी दीड बोट जाड हवी, ऐनाचीच, आणि फळ्यांचे सांधे उभे ठेवायचे, आडवे नाही, म्हणाला. जाता जाता त्याने जुना आस हाताने फिरवून पाहिला, कान लावून ऐकला, आणि पोरांना सांगितलं, हा बदलू नका, हा अजून एका झडपेला पुरेल.